एक नग कमान

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यांत आधी सुगी आली ती रंगाऱ्यांची. गावातल्या यच्चयावत पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' करायचं होतं, आणि नव्या कलेक्टरसाहेबांच्या खुर्चीवर टॉवेल पडायच्या आत ते उरकावं अशी प्रत्येक दुकानदाराची तळमळ होती. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. पाणी मिळेना म्हणून वीटभट्ट्या थंड पडल्या, बांधकामं जोत्यावर अडकली. पण ऑइलपेंटला पाणी लागत नाही, त्यामुळे जिल्ह्याची प्रगती पाट्यांवर तरी चालू राहिली.

गावाबाहेरच्या शिक्षक वसाहतीत ही प्रगती फाटकांच्या रूपाने शिरली. अठरा घरांची ती एकच गल्ली. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला बंद पडलेली खदान. म्हणजे जायला-यायला तोंड एकच. आता आपण जिल्ह्याच्या गावी राहतो, तर दाराला शोभेसं काही हवं, म्हणून सतरा घरांनी लोखंडी फाटकं बसवली. वेल्डर एकच असल्यामुळे सतराही फाटकांवर उगवता सूर्य होता. श्रीमंतरावांच्या फाटकाला दोन पल्ले, म्हणून त्यांच्याकडे सूर्यही दोन. त्या उन्हाळ्यात एक पुरेसा होता, असं गुरुपादप्पा सरांचं मत होतं. पण श्रीमंतराव मास्तरकी सोडून नव्या कलेक्टर कचेरीत चिकटले होते आणि सगळा जिल्हा आपणच टाइप करून काढला अशा तोऱ्यात वावरत. त्यामुळे हे मत सरांनी फक्त स्वयंपाकघरात मांडलं.

अठरावं घर सरांचं. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून ते आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. अंगाने इतके काटकुळे की वारा सुटला की बायको हाक मारून आत बोलवी. त्यांच्या दारात फाटकाच्या जागी बाभळीची फांदी आडवी टाकलेली असे. ती शेळ्यांनी खाल्ली की दुसरी.

"सर, फाटकाचं काय करून राहिलाव?" श्रीमंतराव रोज सकाळी दात घासता घासता विचारत.

एके दिवशी सरांच्या तोंडून निघून गेलं, "फाटक न्हाई लावायचं. मी कमान बसवणार आहे."

"कशाची?"

"विटांची. जुनी, निजामाच्या वेळची."

श्रीमंतरावांच्या तोंडातला ब्रश थांबला. दुपारपर्यंत बातमी सतरा घरं फिरून खदानीपर्यंत गेली. संध्याकाळी गंगम्माअव्वा कुंपणाशी आल्या. अव्वा उदगीरकडच्या, वसाहतीत वयाने सगळ्यांत मोठ्या आणि वजनानेही. त्या गल्लीतून निघाल्या की शेळ्या आपणहून बाजूला होत.

"मास्तरा, कमान आणतो म्हणे तू. आन् घोडा कधी आणतो?"

सर आत आले. महानंदाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "खरंच बोललाव का तसं?"

"बोललो."

"मग आणा आता. एकतीस वर्षं फळ्यावर काढल्या. तास संपला की पुसल्या. एखादी तरी उभी करून दाखवा."

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या की सल्ला म्हणून, हे भाकरीच्या आवाजात कळलं नाही. पण सरांना लागलं. एकतीस वर्षं रोज निदान दोन कमानी धरल्या, रविवार आणि सुट्ट्या सोडल्या, तरी बारा-तेरा हजार कमानी आपण डस्टरने पाडल्या, हा हिशेब त्यांनी पहिल्यांदाच केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ते नांदेडला निघाले.

नांदेडला जुन्या सामानाच्या अड्ड्यावर एखादी सागवानी चौकट आणि रंगीत काचेची खिडकी बघावी, तिच्याभोवती चार विटा लावाव्यात आणि तिलाच कमान म्हणावं, असा त्यांचा बेत होता. पण अड्ड्याकडे जाताना ते जुन्या गल्ल्यांत शिरले आणि वर बघत चालू लागले. दोन बोटं जाडीच्या चपट्या तांबड्या विटा, मधे चुन्याच्या बारीक रेघा, सज्जाखाली विटांचेच कंगोरे, बुजवलेल्या खिडकीवर अजून शाबूत असलेली छोटी कमान. हे सगळं ते आजवर पुस्तकातून फळ्यावर उतरवत आले होते, आणि तीन तासांच्या अंतरावर ते खरोखर उभं होतं. त्यांनी वही काढली, टेप काढला, मोजायला लागले.

वही आणि टेप घेतलेला माणूस भर बाजारात वर बघत उभा राहिला की त्याचा एकच अर्थ होतो. पाच मिनिटांत एका कापडदुकानदाराने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला.

"साहेब, आमचं दुकान हद्दीत हाय. शेजारच्याचं मोजा. दीड फूट बाहेर हाय."

"मी कमानी बघायला आलोय."

"हाव हाव, बघा ना," दुकानदार डोळा घालून म्हणाला. "त्याची कमान बी बाहेरच हाय."

शेजाऱ्यानेही चहा पाजला. असे पाच चहा घेऊन, पाच जणांना शेजाऱ्यांपासून न्याय देण्याचं टाळून, सर गल्लीच्या टोकाला आले आणि थांबले.

जुन्या मुसाफिरखान्याची भिंत पाडायचं काम चाललं होतं. भिंत गेली होती. मधे एकटी कमान उरली होती, आधाराला कोणी नसताना सरळ उभी. कपाळावर नऊ नक्षीच्या विटांची वेल. आणि तिच्या खांद्यावर एक गवंडी पहार लावायच्या बेतात होता.

"थांबा," सर म्हणाले. शाळेत त्यांचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे कधी गेला नव्हता, पण गवंडी थांबला. त्याचं नाव दगडोबा. मुखेडकडचा, चाळीस वर्षं विटांत घालवलेला माणूस. सावलीत बसलेले देखरेखीचे साहेब उठून आले. सरांनी त्यांना ही कमान किती चांगली आहे ते सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आवडली का?"

"फार."

"मग घेऊन जा. परवा संध्याकाळपर्यंत. मलबा उचलायचा खर्च वाचतो. न्हाई तर रस्त्याच्या भरावात जाईल. मात्र पूर्ण न्यायची, अर्धी सोडली तर मला दोन नोंदी कराव्या लागतात."

चौकट बघायला गेलेला माणूस असा कमानीचा मालक झाला. सरांनी टेपने उघडीप मोजली. साडेनऊ फूट. घरच्या फाटकाची जागा अकरा फूट. बसते म्हणून त्यांनी वहीत खूण केली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पुढचे दोन दिवस दगडोबा एकेक वीट सोडवून खाली देत होता आणि सर तिच्यावर खडूने नंबर घालत होते. डाव्या अंगाला तांबडा खडू, उजव्या अंगाला निळा, कपाळाला पांढरा. कमानीच्या विटा चारशे बारा भरल्या. खांबांच्या विटांना नंबर घालायचं दगडोबाने नाकारलं. "खांब नुसता हुबा ऱ्हातो गुर्जी. त्याला काय डोस्कं लागत न्हाई."

लातूरकडे रिकामा निघालेला एक ट्रक मिळाला. वाटेत एका नाक्यावर तो अडवला गेला.

"काय माल हाय?"

"कमान," सर म्हणाले.

नाकेदाराने मागे चढून पाहिलं. "या तर विटा हायत."

"सुट्या केलेली कमान आहे. प्रत्येकीवर नंबर आहे, बघा."

नाकेदाराने तांबडा एकशे चार उचलून पाहिला, निळा बावीस पाहिला, आणि पावतीवर 'विटा' खोडून 'एक नग कमान' असं लिहिलं. सरांना त्या कागदाचा इतका अभिमान वाटला की तो त्यांनी वरच्या खिशात, पेनाच्या मागे ठेवला. चाकूरला चहाला थांबले तर दोन बांधकामवाल्यांनी ट्रकला घेराव घातला. भट्ट्या बंद, गावात वीट बघायला मिळेना. भाव चढत चढत असा आकडा आला की ट्रक ड्रायव्हर सरांकडे वेगळ्या नजरेने बघू लागला. सर विटांवर चढून बसले आणि लातूर येईपर्यंत उतरले नाहीत.

कमान उभी करायला दगडोबा दोन दिवसांनी हातातली कामं संपवून आला. त्याने फाटकाची जागा पाहिली, विटांचा ढीग पाहिला आणि डोकं खाजवलं.

"गुर्जी, खांब कुठं घालता?"

"म्हणजे?"

"साडेनऊची उघडीप. आन् दोन अंगाला अडीच-अडीच फुटाचे खांब. साडेचौदा झाले. जागा अकरा. एका बाजूला तुमचा हौद, दुसऱ्या बाजूला त्या दोन सूर्यवाल्यांची भिंत."

सरांनी वही उघडली. वहीत कमान अगदी बरोबर होती. फक्त ती रेघांची होती, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने रेघेला जाडी असते हे सर विसरले होते. हा प्रमाद चित्रकलेचा शिक्षकच करू शकतो. गणिताच्या मास्तराने निदान खांब हातचे तरी धरले असते.

वसाहतीत फार आनंदाचा दिवस गेला तो. श्रीमंतराव दोनदा येऊन 'ही आमची भिंत' म्हणत भिंतीला हात लावून गेले. एकाने अर्धीच कमान लावा म्हणून सुचवलं, दुसऱ्याने घराच्या गच्चीवर. महानंदाबाईंनी त्या दिवशी भाकरी जरा जोरातच थापल्या. संध्याकाळी सर गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. रस्त्याकडे तोंड, दोन्ही बाजूला मोकळी जागा. त्यांनी टेप टाकला. सोळा फूट.

रात्रीच्या जेवणाआधीच त्यांनी अठराही घरं पारावर गोळा केली आणि सांगितलं, "कमान माझ्या दाराला बसत न्हाई. गल्लीच्या तोंडाला बसते. मी ती सगळ्यांना देऊन टाकतो."

"आन् टँकर?" गंगम्माअव्वांनी विचारलं.

हा प्रश्न खरा होता. दिवसाआड पाण्याचा टँकर येई आणि त्याच्यावर अठरा घरांच्या चुली चालत. टँकर अडला तर कमानीखाली घोडासुद्धा तहानेने मेला असता. मोजमापाची जबाबदारी श्रीमंतरावांनी स्वतःकडे घेतली. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा तो उभा असतानाच त्यांनी बांबू लावून माथ्यावरच्या झाकणापर्यंत उंची घेतली, ड्रायव्हर ग्यानोबाची त्यावर सही घेतली आणि बांबू पुराव्यादाखल घरी नेला. दगडोबाने होत्या नव्हत्या सगळ्या विटा खांबांना धरून हिशेब केला. "चार बोटं सुटतात. जास्त पाहिजे तर वीट आणा." वीट कुठून आणणार? चार बोटांवर ठरलं.

राहिली परवानगी. कमानींना परवाना देणारं कार्यालय कोणतं, हे शोधण्यात चार दिवस गेले, कारण नव्या जिल्ह्यात निम्मी कार्यालयं जागा शोधत होती आणि निम्मी टेबलं. शेवटी सापडलेल्या कारकुनाने नियमांचं पुस्तक उलटंसुलटं चाळलं.

"कमान म्हणजे आमच्याकडे एकच. स्वागत कमान. तात्पुरती, उभी झाल्यापासून मुदत तीन दिवस. मंत्री दुष्काळी दौऱ्याला येतात तेव्हा देतो आम्ही. हा घ्या फॉर्म."

फॉर्मवर तीन रकाने होते. पाहुण्यांचे नाव, हुद्दा, आगमनाची वेळ. सरांनी विचार केला. त्या गल्लीत आजवर कोणी मंत्री आला नव्हता आणि येण्याचा संभवही नव्हता. ज्याच्या येण्याकडे अठरा घरं डोळे लावून बसत असा पाहुणा एकच. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: टँकर. हुद्दा: आठ हजार लिटर. आगमन: दिवसाआड, सकाळी.

कारकुनाने वाचलं. "गाडीचा नंबर टाका फक्त. आन् मुदत संपली की नवा फॉर्म." शिक्का मारताना त्याने आपुलकीने चौकशी केली, "कमान विटांची म्हणता. तीन दिवस टिकेल ना?"

सर परवाना घेऊन घरी आले तेव्हा गल्लीत वेगळंच वातावरण होतं. बायका हौदाभोवती जमल्या होत्या. हौदाच्या कडेला रिकाम्या कळश्या ओळीने ठेवल्या होत्या आणि दगडोबा गुडघ्यावर हात ठेवून समाधानाने बसला होता.

"गुर्जी, काम झालं. समद्या विटा भिजू घातल्या."

सर हौदात वाकले. पाणी जांभळं होतं.

"कोरडी वीट लावणाऱ्या गवंड्याला आमच्यात पंगतीला घेत न्हाईत," दगडोबा सांगत होता. "दुष्काळ असला म्हणून काय झालं. या बायांना म्हणलं, जुन्या विटा लई तहानलेल्या असत्यात. तर एका घरातून न्हाई, अठराही घरातून एकेक कळशी आली. अव्वांनी दोन दिल्या."

जिथे प्यायचं पाणी वाटीने मोजलं जात होतं तिथे अठरा घरांनी एकोणीस कळश्या ओतून सरांचे चारशे बारा नंबर धुऊन टाकले होते, आणि सगळे त्यांच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते. सरांनी एक भिजलेली वीट उचलून पाहिली. मग म्हणाले, "फार चांगलं केलंत." एवढं बोलून ते हौदाच्या कडेवर बसले.

"नंबर गेले," ते हळूच म्हणाले.

"ते व्हय?" दगडोबा म्हणाला. "म्या म्हणलं तुमी हौसेनं घालून राहिलाव. गुर्जी, समद्या एका साच्यातल्या विटा हायत. कोणची बी कुठं बी बसती."

"मग दोन दिवस मला लिहू का दिलं?"

"तुमी लई मन लावून लिहीत होताव."

खऱ्या अडचणीच्या विटा नऊच होत्या, कपाळावरच्या नक्षीच्या. त्या क्रमाने लागल्या तरच वेल जुळणार होती. सरांनी अंगणात त्या मांडल्या, मोडल्या, वही काढून पुन्हा मांडल्या. वहीतली वेल त्यांनी आपल्या मनाने जरा सुबक केली होती, त्यामुळे ती खऱ्या विटांना कुठेच लागत नव्हती. दुपार कलली. महानंदाबाई हात पुसत बाहेर आल्या, दोन मिनिटं बघत उभ्या राहिल्या.

"सरका."

त्या खाली बसल्या आणि चोळीच्या खणाचे तुकडे जुळवावेत तशा विटा फिरवू लागल्या. "काठाकडे बघायचं असतं. मधल्या फुलाकडे बघत बसलाव तुम्ही. हे पान इकडून निघतं, तर त्याचा देठ तिकडं पाहिजे." पाच मिनिटांत वेल उभी राहिली. "नंबर विटांच्या अंगातच असतात," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आठ दिवसांत कमान चढली. खालचा लाकडी आधार काढला तेव्हा सगळी गल्ली श्वास रोखून उभी होती. कमान हलली नाही. सरांनी दूर जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं, डाव्या खांबाला हात लावून पाहिलं. कोणी बघत नाहीसं बघून त्यांनी खिशातल्या रुमालाने तो खांब जरासा पुसलाही; डस्टरची सवय.

दुसऱ्या दिवशी टँकरचं रीतसर स्वागत झालं. दगडोबा मुद्दाम थांबला होता. गंगम्माअव्वांनी बॉनेटला कुंकू लावलं, श्रीमंतरावांनी नारळ फोडला आणि ग्यानोबाने टँकर मुंगीच्या चालीने आत घातला. वर झाकण, त्याच्यावर चार बोटं हवा, त्याच्यावर महानंदाबाईंची वेल. सुटलं. ग्यानोबाने हॉर्न दिला. श्रीमंतरावांनी बांबू उंचावून सगळ्यांना दाखवला.

पाऊण तासाने बॅरल, घागरी, हंडे, पातेली भरून झाली. ग्यानोबाने खदानीपाशी टँकर वळवला, निघाला, कमानीपाशी आला आणि करकचून ब्रेक मारला.

सगळे वर बघू लागले. झाकण वेलीच्या खालच्या काठापेक्षा दोन बोटं वर दिसत होतं.

"बांबू," श्रीमंतराव म्हणाले आणि पळत बांबू आणायला गेले. बांबू बरोबर होता. टँकर वाढला होता.

"साहेब," ग्यानोबा खाली उतरून म्हणाला, "तुमी मोजला तवा आठ हजार लिटर पोटात होतं. स्प्रिंगचे पाटे दबले होते. आता रिकामा झाला, तर वर आला."

श्रीमंतरावांनी बांबूकडे अशा नजरेने पाहिलं की त्याची विभागीय चौकशीच व्हावी. मग म्हणाले, "चाकातली हवा सोडा."

"सोडतो. भरायला पंप तुमच्या कचेरीतून आणता का?"

"पंपाला मंजुरी लागेल. मग असं करू, पाणी परत ओतू. टँकर दबेल, बाहेर जाईल, मग बाहेर..."

 बायकांपैकी जी ती आपापल्या बॅरलपुढे जाऊन उभी राहिली. श्रीमंतरावांनी वाक्य पूर्ण केलं नाही, त्यामुळे नव्या जिल्ह्याचा एक कर्मचारी वाचला.

ग्यानोबा सरांकडे वळला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त अवघड गेलं. "गुर्जी, पुढची खेप वाडीला हाय. बाया रिकाम्या घागरी मांडून उन्हात बसल्यात. त्यायला काय सांगू, कमान आडवी आली?"

 सर घरात गेले. बाहेर आले तेव्हा एका हातात पहार होती, दुसऱ्या हातात खडूची पेटी. काखोटीला शिडी. सगळ्यांनी वाट दिली.

"काय करून राहिलाव, सर?" श्रीमंतरावांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात खोच नव्हती.

"पाडतो. लोकांना पाणी पाहिजे. पण क्रमाने पाडीन. परत उभी करायची आहे." त्यांनी शिडी लावली, वर चढले आणि वेलीच्या मधोमध असलेल्या विटेच्या खालच्या अंगावर पांढऱ्या खडूने आकडा काढला: १.

"वेलीच्या किती?" खालून दगडोबाने विचारलं.

"नऊ. बाकीच्या कोणत्याही कुठेही बसतात म्हणालास ना." पण दुसऱ्या विटेवरचा दोन त्यांना दोनदा काढावा लागला.

गंगम्माअव्वा इतका वेळ टँकरकडे बघत होत्या. त्या पुढे आल्या.

"ए ग्यानोबा. पाणी पाहिजे का वजन पाहिजे रे तुला?"

"वजन, अव्वा. कशाचं बी."

"मग मला हात दे."

दोघांनी हात दिला, तिघांनी मागून आधार दिला आणि अव्वा मागच्या चाकावरच्या पत्र्यावर बसल्या. टँकरने दीर्घ सुस्कारा सोडला. दगडोबा वाकून वर बघत म्हणाला, "अर्धं बोट उतरला."

"अजून पुरी बसले न्हाई मी," अव्वा म्हणाल्या.

मग सगळी गल्ली चढली. बायका पायऱ्यांवर आणि चाकांवरच्या पत्र्यांवर, पुरुष दोन्ही बाजूंना लोंबकळत, म्हातारे ड्रायव्हरच्या शेजारी एकमेकांच्या मांडीवर. श्रीमंतराव बांबूसकट मागच्या शिडीला लटकले. मुलांना खाली ठेवलं होतं, ती रडायला लागल्यावर केबिनमध्ये कोंबली गेली. ज्याने कमान गच्चीवर बांधा म्हटलं होतं तोही होता, अर्धी बांधा म्हणणाराही होता. आजवर दिलेल्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा त्या दिवशी त्यांचं वजन जास्त भरलं.

"किती?" ग्यानोबाने विचारलं.

दगडोबाने डोळा बारीक केला. "गवताच्या काडीइतकं अडतंय. एक माणूस कमी हाय."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग सगळ्यांनी वर पाहिलं. शिडीवर सर होते, पाचव्या विटेपाशी.

"अहो," पायरीवरून महानंदाबाई म्हणाल्या, "या ना खाली. बसा इथं."

"मी?" सर म्हणाले. "माझं वजन बेचाळीस किलो आहे."

"तेवढंच कमी पडून राहिलंय," ग्यानोबा म्हणाला.

सर उतरले. शिडी बाजूला ठेवली. महानंदाबाईंनी सरकून अर्धी पायरी दिली. सर पहार खाली ठेवणार, तर दगडोबा ओरडला, "राहू द्या हातात. तिचं बी वजन हाय." मग तो स्वतःच, मोजायला कोणी उरलं नाही याची पर्वा न करता, पुढच्या बंपरवर चढला.

ग्यानोबाने गाडी सोडली.  अव्वांनी डोळे मिटून शिवाचं नाव घेतलं. सरांनी पहार छातीशी धरली, मान वर केली. झाकण वेलीखाली आलं. खस्स असा बारीक आवाज झाला, भाकरी तव्यावर टाकल्यासारखा, आणि टँकर रस्त्यावर होता.

सरांनी मागे वळून पाहिलं. मधल्या विटेवरचा १ चा आकडा पुसला गेला होता. वीट जागेवर होती.

रस्त्यावर सगळे उतरले, ग्यानोबा वाडीकडे गेला, आणि अठरा घरांची माणसं चालत परत फिरली. त्यांनी ती कमान बाहेरच्या बाजूने आज पहिल्यांदाच नीट पाहिली. एकेक जण खालून आत आला. वर दीड माणूस जाईल एवढी जागा होती, तरी श्रीमंतराव मान वाकवून आले. गंगम्माअव्वा मधे थांबल्या, वेलीकडे बघत म्हणाल्या, "मास्तरा, घोडा राहू दे आता," आणि पुढे गेल्या.

तिसऱ्या दिवशी मुदत संपली. सर कार्यालयात गेले. कारकुनाने नवा फॉर्म पुढे केला. "पाहुणे तेच ना?"

"बदललेत," सर म्हणाले आणि लिहू लागले. पाहुण्यांचे नाव: शिक्षक वसाहतीतले रहिवासी. हुद्दा: टँकर रस्त्यापर्यंत पोचवून परत येणारे. आगमन: दिवसाआड, पायी.

खाली शेऱ्यासाठी एक रिकामी ओळ होती. सरांनी पेन थांबवलं, मग लिहिलं: 'वजन पुरेसे. बेचाळीस किलो धरून.'

कारकुनाने शिक्का मारला.